वीस घरांचा पट

सत्त्याऐंशी साली सासऱ्यांना म्युझियम दाखवायला नेलं. तिथे उत्खननात सापडलेला सुमेरियन लोकांच्या खेळाचा पट होता. "नाना, हा आपला सारीपाटच," असं मी ठोकून दिलं, तेही काचेवर कोपर टेकून. म्हातारा गार्ड आला. आधी त्याने रुमालाने माझ्या कोपराचा डाग पुसला. मग टाचांवर मागेपुढे झुलत म्हणाला, "वेल सर..." आणि पटाची घरं मोजून दाखवली. वीसच होती; सारीपाटाला शहाण्णव असतात. समोर लहान मूल असलं तरी तो असाच झुलायचा आणि 'सर' म्हणायचा.

सासूबाई गेल्यावर आम्ही नानांना अमेरिकेत आणलं होतं. ते खिडकीशी बसून परतीची तारीख विचारायचे. आम्ही पत्त्यांत मुद्दाम हरायचो, पण त्यांना जिंकल्याचंही काही वाटत नसे.

पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा गार्डने जेवणाच्या सुट्टीत तोच पट, त्यातल्या फुलं काढलेल्या घरांसकट, बुटांच्या खोक्याच्या झाकणावर आखून बाकावर मांडला. "वेल सर, प्ले?" नाना बसले. सँडविच खात त्याने त्यांच्या सोंगट्या एकेक करून मारल्या. जरासुद्धा दया दाखवली नाही. असे तीन शनिवार झाले.

तिसऱ्यांदा हरल्यावर नाना गाडीत म्हणाले, "लबाड आहे लेकाचा. फुलाच्या घरात सोंगटी मारता येत नाही, म्हणून तिथेच ठाण मांडतो. जावईबापू, तिकीट पुढे ढकला."

घरी बायकोला हे सांगितलं. ती भाजी चिरत होती.

"म्हणजे आजपासून पत्त्यांत आपणही खरं खेळायचं," ती म्हणाली. "तुम्हाला तसंही मुद्दाम हरावं लागत नव्हतं."