खांद्यावरचे मांडे

जळगावात आम्हाला कुणी इराणी म्हणायचं, कुणी तुर्की. इराणी म्हटलेलं वडील हसून सोडून द्यायचे. तुर्की म्हटलं की मायरिक दार लावून घ्यायची. मायरिक म्हणजे आमच्या भाषेत आई. तुर्कांच्या राज्यात तिचं आर्मेनियन गाव जाळलं गेलं, तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती. पुढे अनाथाश्रमात वाढली, बोटीने मुंबईला आली, तिथल्याच एका आर्मेनियन फिटरशी लग्न केलं आणि त्याला जिनिंग प्रेसमध्ये काम लागलं म्हणून जळगावला. हे सगळं गल्लीला समजावणार कोण?

मी मात्र गल्लीचीच झाले. मायरिक आर्मेनियनमध्ये बोलली की मी अहिराणीत उत्तर द्यायची, आणि वर तिलाच विचारायची, "इथे कुणाला कळतं ते?" आज हे आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

माझं लग्न ठरलं ते धुळ्याच्या एका मराठी ख्रिस्ती मास्तरांशी. स्वातंत्र्य यायला अजून वर्ष-दोन वर्षं होती. मायरिकने साड्या, भांडी, जेवणावळ, कशातच लक्ष घातलं नाही. तिचा एकच हट्ट होता, लग्न लागलं की नवराबायकोच्या खांद्यावर लवाश ठेवायचा. लवाश म्हणजे हातांवर ताणून मलमलीसारखी पातळ केलेली गव्हाची मोठी पोळी. नव्या घरात कधी काही कमी पडू नये म्हणून तिकडे सासू ती ठेवते. मला सासू नव्हती, तेव्हा ते काम मायरिकने आपल्याकडे घेतलं. तिच्या स्वतःच्या लग्नात ठेवायला कुणी नव्हतं आणि लवाशही नव्हता.

"लोक हसतील. मी काय ताट आहे पोळ्या वाढायला?" मी म्हटलं.

ती भांडली नाही. "मग माझ्याकडून तुझ्याकडे काय जाणार?" एवढंच म्हणाली. मी हो म्हटलं. राजीखुशीने मुळीच नाही.

लवाश एकट्या बाईचं काम नाही. एक लाटते, दुसरी ताणते, तिसरी भाजते. त्यामुळे जळगावात आल्यापासून तिने तो एकदाही केला नव्हता, नुसते मनात मांडे खाल्ले होते. शेवटी शेजारच्या अक्का पुढे झाल्या. पालथ्या खापरावर मांडे भाजण्यात ज्यांची हयात गेली, त्या बायकांना पोळी ताणायला काय शिकवायचं! अक्कांच्या अंगणात चौघी जमल्या आणि दुपारपर्यंत लवाशांची चवड झाली. भाजताना मायरिक गुणगुणत होती. तिला गाताना मी तोवर कधी ऐकलं नव्हतं.

लवाश वाळवून ठेवतात आणि आयत्या वेळी पाणी शिंपडून मऊ करतात. चवड अक्कांच्या घरी वाळत ठेवून आम्ही दोन दिवस आधी धुळ्याला गेलो. लग्नाच्या दिवशी अक्का ती घेऊन, चाळीसगावला गाडी बदलून येणार होत्या.

अक्का वेळेवर आल्या. लग्न लागलं, आम्ही चर्चच्या पायऱ्यांवर आलो आणि मायरिकने टोपलीवरचं फडकं काढलं. आत पुरणाचे मांडे होते, तुपाने निथळणारे.

"कोरड्या कुठे आहेत?" तिने विचारलं.

"त्या गायले घाली दिन्ह्यात," अक्का खुशीत म्हणाल्या. "पापडसारख्या कडक व्हई ग्यात. लगनमां कोरडं कोन देस व माय? तुनी पोर ती मनी पोर शे. पहाटमां उठीसन नवा कयात, बठ्ठासमां पुरन भरं."

लवाश गाईच्या पोटात गेले होते, पण अक्कांचं काही चुकलं नव्हतं. आमच्या गल्लीत मुलीच्या लग्नात कोरडी पोळी म्हणजे अब्रूच गेली. तरी मला त्यांना ओरडावंसं वाटलं. मायरिकने मात्र फडकं पुन्हा टोपलीवर ओढलं.

"राहू दे," ती म्हणाली. "मास्तरांचा कोट खराब होईल."

जन्मभर ती असंच राहू दे म्हणत आली होती, त्यातलं निम्मं तरी माझ्यापायी. त्या दिवशी मला ते सहन झालं नाही. मी तिच्यापुढे वाकले. मला बघून मास्तरही वाकले, बिचाऱ्यांना कशासाठी ते माहीत नव्हतं.

तिने एक मांडा माझ्या खांद्यावर ठेवला, एक मास्तरांच्या. तूप पाठीवरून कमरेपर्यंत ओघळलं. लोक खरंच हसले. मायरिक तिकडे न बघता, चारचौघांत, मोठ्याने, आर्मेनियनमध्ये बोलायला लागली. बराच वेळ बोलली. लाज वाटते सांगायला, पण घरातल्या रोजच्या चार शब्दांपलीकडे मला ती भाषा येत नव्हती; त्यातलं शेवटचं "अक्का" तेवढं मला कळलं.

"मले काय म्हने ती?" अक्कांनी हळूच विचारलं.

"आशीर्वादात तुम्हालाही घेतलं," मी ठोकून दिलं.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर मायरिकला पोचवायला गेले, तेव्हा मी तिला म्हटलं, तो आशीर्वाद सावकाश सांग, मी लिहून ठेवते.

"आशीर्वाद मला कुठे येतो?" ती म्हणाली. "मी लहान होते. आमच्या अंगणात लवाश करायला ज्या बायका बसायच्या, त्यांची नावं घेतली."