पंखावरचे पट्टे

साहेबांनी पेनच्या टोकाने आईची भाकरी उचलली. उलटी केली. खाली ठेचा होता.

"असलं आणता म्हणून माश्या येतात," ते म्हणाले.

चाकणची कंपनी. फळांचा गर पाकिटात भरून विकणारी. एका ग्राहकाच्या बंद पाकिटात मेलेली माशी निघाली, म्हणून पॅकिंगच्या बायकांचे डबे टेबलावर उघडायला लावले. ऑफिसवाल्यांचे कुणी मागितले नाहीत. आई पॅकिंगला, कंत्राटावर. मी बीएस्सी करून तिथल्याच लॅबमध्ये लागलेली. साहेब माझ्याकडे वळले. "तुझाही आण. पांढरा कोट घातला म्हणून घर बदलत नाही."

आणला. तीच भाकरी, तोच ठेचा. सगळ्यांसमोर लाज वाटली. आपल्याच डब्याची लाज! ते कळलं आणि माझा तिळपापड झाला.

मग माशी तपासायला माझ्याकडे आली.

"घरमाशी लिही. यांच्या डब्यातून आली. बाकी मी बघतो."

घरमाशी म्हणताना साहेबांचा सगळा जोर 'घर'वर होता. आणि बाकी म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं. पॅकिंगच्या बायका घरी बसणार.

ओल्या ब्रशने पंख सोडवला, काचेवर पसरला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. घरमाशीचा पंख साधा, पारदर्शक असतो. या पंखावर वेडेवाकडे तपकिरी पट्टे, टोकाला काळा ठिपका. आंब्यावरची फळमाशी मी पाहिलेली. तिच्या पंखाच्या पुढच्या कडेला नुसती बारीक गडद रेघ असते. ही तीही नव्हे. पुस्तकं चाळली, फोटो लावून पाहिले. काही जुळेना.

आई पाणी प्यायच्या निमित्ताने दारात आली. "लिहून टाक माय. साहेबासंगं कशाला भांडायलीस? तुझी तरी नोकरी ऱ्हाऊ दे."

तिनं हे इतक्या सहज म्हटलं की मला रडू आलं. डोळे पुसून साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, ही घरमाशी नाही."

"मग कोणती?"

"माहीत नाही. तज्ज्ञाकडे पाठवावी लागेल."

"माहीत नाही ना? मग घरमाशी लिहायला तुझं काय जातं?"

"माझ्या आईचं काम जातं, सर."

"मग तुझंही जाईल."

 तरी मी रिपोर्टवर 'ओळख पटलेली नाही' एवढंच लिहिलं आणि सही केली. एक माशी ओळखायला दिवस गेला, तरी ओळखता आली नाही. आम्हाला मात्र हे लोक बघताक्षणी ओळखतात. घाण कुठली? यांच्या घरची. संपलं.

बायकांना अजून काढलेलं नाही. मला नोटीस आली आहे. आई घाबरली आहे. मलाही भीती वाटते, खोटं कशाला सांगू?

पण उद्या दुसरी माशी आणतील, दुसऱ्या बाईकडे बोट दाखवतील. तेव्हा मी तिथे असेन, नाहीतर गेटबाहेर असेन. जिथे काम करेन तिथे न बघता सही करणार नाही.