घर उतरवणारे मामा

आमच्या जिल्ह्याचा भूगोल मास्तरांनी फळ्यावर शिकवला, पण मला तो कळला मामांमुळे. नकाशात नदी म्हणजे एक निळी रेघ. प्रत्यक्षात ती काठ खात सरकते. जुन्या राजाचा किल्ला तिने गिळला, कापडाची पेठ गिळली, कचेरी तर दोनदा. पलीकडे वाळू टाकते, पण त्या वाळूवर काही उगवेपर्यंत एक पिढी जाते. माणसं मात्र कमी होत नाहीत. उरलेल्या जमिनीवर इतकी दाटी, की एका घरात मिरच्या भाजल्या की चार घरं ठसकतात.

मामा सुतार, पण त्यांचं काम घरं उतरवायचं. काठ जवळ आला की लोक त्यांना बोलावत. आधी पत्रे, मग वासे, तुळया, शेवटी खांब. आमच्याकडे खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या मारतात, त्यामुळे काही मोडत नसे. हातगाड्यांवर घालून घर काठापासून आत न्यायचं आणि मिळेल त्या जागी पुन्हा उभं करायचं.

एका वर्षी नदी त्यांच्याच गल्लीत शिरली. मामी म्हणाली, "अहो, आधी आपलं उतरवा. आत जागा फार उरली नाही."

"आपलं काय, हातचं आहे. शेजारी लहान पोरं आहेत, त्यांचं आधी."

लष्कराच्या भाकऱ्या भाजायची खोडच ती. शेजाऱ्यांचं झालं, मग शिंप्याचं, मग त्याच्या सासऱ्याचं. रोज एक घर उभं राही आणि आतला एक मोकळा तुकडा संपे. मामांचं घर गाडीवर चढलं तेव्हा ते टेकवायला तिळभर जागा नव्हती. सगळी जागा त्यांनी स्वतःच्या हातांनी भरली होती. मला अजून राग येतो.

लाकडांची थप्पी माझ्या घराच्या मागच्या भिंतीला लागली आणि दोघं माझ्या पडवीत राहू लागली. मामीचं एकच मागणं होतं: "मरायचं तर आपल्या दारात." मी जागेसाठी दारोदार फिरलो. शिंपी म्हणाला, "मामा म्हणजे देवमाणूस!" एकदा देवमाणूस म्हटलं की जागा द्यावी लागत नाही.

"माझ्या अंगणात उभं करा," मी म्हणालो.

मामांनी अंगण मापलं आणि हसले. "उभं राहील रे. पण तुझी बायको बाहेर कशी पडणार, छपरावरून?"

तेव्हापासून त्यांनी जागेचा विषय काढला नाही. यंदा थप्पीला वाळवी लागली. एका सकाळी पाहतो तर मामी तुळईवर कुऱ्हाड घालत होती. सरपण संपलं होतं. मामा पडवीतून उठून आले. आता ओरडणार, असं मला वाटलं.

"वाळवीने खाण्यापेक्षा आपण जाळलेलं बरं," मामी त्यांच्याकडे न बघता म्हणाली.

"दे इकडे. पायावर घालून घेशील."

त्यांनी करवत आणली. मी धरू लागलो तर नको म्हणाले. संध्याकाळपर्यंत खांब, वासे, दाराची चौकट, सगळं चुलीच्या मापाचं करून नीट रचून ठेवलं. मामीने ढिगाकडे पाहून विचारलं, "किती दिवस पुरेल हो?"

मामांनी हात झटकले. "बेताने जाळलंस तर हिवाळा निघेल."