हात न लावता वाजणारं पॅड

मंडळी, सकाळपासून डोकं नुसतं तापलंय.

आज संध्याकाळी मुरगूडला हळदीच्या कार्यक्रमात वाजवायचंय, आणि माझ्या इलेक्ट्रॉनिक ड्रमचं एक पॅड हात न लावताच वाजायला लागलं. पायानं बेस मारला की शेजारचं ते पॅड मधेच धडाम! वायर बदलली. पॅडची सेन्सिटिव्हिटी पार कमी केली. तरी धडाम.

इथं ग्रुपवर विचारलं, तर तुम्ही सगळे एका सुरात, "रिसेट मार की!" मारला. महिनाभर खपून जमवलेले हलगीचे आवाज गेले. धडाम मात्र जिथल्या तिथं.

शेवटी वैतागून खालीच बसलो आणि वर बघितलं. स्टँडला काळ्या दोऱ्यानं लिंबू-मिरची बांधलेली! पायाचा दणका बसला की लिंबू झुलत होतं आणि पॅडच्या बुडाला आदळत होतं.

"आई, हे कुणी बांधलंय?"

"मीच की. काल आमुशा न्हवती व्हय? एवढं वाजवतोस, लोकांची नजर लागती."

दोरा कापला. पॅड एकदम गप्प.

आई दारातूनच म्हणाली, "बघ, सगळी नजर लिंबानं अंगावर घेतली. म्हणून मशीन वाचलं."

आता मी हलगीचे आवाज परत भरत बसलोय आणि ती स्वयंपाकघरात नवीन लिंबू शोधतीया. हिला कसं समजवायचं, सांगा की. फक्त रिसेट मार म्हणणाऱ्यांनी आज गप्प बसावं.