मालकांचं वय

माझ्या मेहुण्यांना अख्खी गल्ली ‘मालक’ म्हणायची. मालकीचं म्हणाल तर त्यांच्याजवळ एक शिट्टी, एक बॅटरी आणि माझी ताई. बंद पडलेल्या टेलिफोन एक्स्चेंजची राखण करायचे ते. चार मजली इमारत आणि आत फुटकी कवडी नाही. यंत्रं केव्हाच उचलून नेलेली, तारा उपसलेल्या, केबली खाली जायच्या तिथं जमिनीला डोकं मावेल एवढाली भोकं. चोर आत शिरला असता तर दया येऊन चार पैसे ठेवून गेला असता. पण भावोजी रोज संध्याकाळी चारी मजले फिरून एकेक दार ओढून बघणार. म्हणून मालक. नाव थट्टेतलंच, पण त्यांनी ते अंगाला लावून घेतलं होतं. कुणी “काय मालक?” म्हटलं की गंभीरपणे मान हलवून “ठीक चाललंय” म्हणायचे, जसा काही भाडेकरूच विचारतोय.

फाटकाशी पहारेकऱ्याची केबिन होती. एक माणूस खुर्ची टाकून बसेल एवढी जागा, त्यात या दोघांनी संसार केला. मूलबाळ झालं नाही. ताई म्हणायची, “भांडण झालं तर रुसायला दुसरी खोली नाही गं. रुसायचं तर जिना चढून पहिल्या मजल्यावर जावं लागतं, आणि तिथं कबुतरं बसू देत नाहीत.” तरी तिनं त्या खुराड्याच्या पत्र्याला पडदा लावला होता. मी कपड्यांना इस्त्री करून पोट भरते, दोन खोल्यांत मुलगा-सून-नातवंडं आणि मी. आमच्याकडे ती आली की पहिल्यांदा पाय लांब करून बसायची. बघून वाईट वाटायचं.

आता वयाचं सांगते, कारण पुढं सगळं घोडं तिथंच अडलं. भावोजी आधी गिरणीत हमाली करायचे. गिरणीला टाळं लागलं तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते. एक्स्चेंजला पहारेकरी हवा होता, पण पस्तिशीच्या आतला. एका दोस्तानं कानात सांगितलं, तीस सांग, कोण बघतंय! यांनी केस काळे केले आणि सांगितलं तीस. घेणाऱ्या साहेबानं मान वर करून पाहिलंही नाही. लागले. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं, जन्माची नोंद कुठं नव्हती, म्हणून पुढचे सगळे कागद त्या तिसावरूनच निघाले. एकदा खोटं कागदावर बसलं की ते खऱ्यापेक्षा ऐटीत बसतं बघा.

ताईला त्यांनी पहिल्याच दिवशी समोर बसवून पढवलं. कुणीही विचारो, कागद घेऊन येवो, पेन घेऊन येवो, आपण कागदावरचंच वय सांगायचं. दर वर्षी नव्यानं उजळणी.

“यंदा मी किती?”

“एकोणचाळीस.”

“आणि खरा?”

“खरं-बिरं मला काही माहीत नाही.”

“शाब्बास!”

अशी अळीमिळी गुपचिळी. रविवारी केबिनच्या दारात ताई दातांच्या जुन्या ब्रशानं त्यांच्या केसांना कलप लावायची. मी चिडवायची, “भावोजी, तुमची तरणीताठी गाडी अशीच चालली तर ताई एक दिवस तुमची ओळख मुलगा म्हणून करून देईल.” ते हसायचे. ताई मात्र हसायची नाही. तिला खरंच धाक होता. या एका खोट्यावर आपलं छप्पर उभं आहे आणि कुणी ते ओढलं की आपण रस्त्यावर, एवढं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. रस्त्यात खाकी कपड्यातला माणूस दिसला तरी ती वाट बदलायची.

मग टेलिफोन कंपनीनं इमारत एका संस्थेला दिली. कमी पैशात म्हाताऱ्यांना राहायला खोल्या करणार म्हणाले. आणि केल्या, तेही मन लावून! भोकं बुजवली, मोठाल्या हॉलच्या खोल्या पाडल्या, बॅटरी-रूममधला तेजाबाचा वास खरवडून काढून तिथं स्वयंपाकघर केलं. न्हाणीघरात धरायला दांड्या लावल्या. खिडक्या खाली घेतल्या, पडल्या पडल्या रस्ता दिसावा म्हणून. भावोजी मजुरांच्या मागंमागं फिरायचे आणि ताईला येऊन सांगायचे, “दुसऱ्या मजल्यावरची कोपऱ्याची खोली बघून ठेवलीय. ऊन येतं सकाळचं.” ताई विचारायची, दार आतून लागतं का? “लागतं. आणि नळाला गरम पाणी आहे.” ताई बिचारी त्या नळाबद्दल मला इतक्यांदा सांगायची की मी म्हटलं, बाई गं, पुरे.

नियम असा की माणूस पासष्टच्या वर हवा. नवराबायकोनं मिळून राहायचं तर दोघंही. ताई सदुसष्टची. भावोजी बहात्तरचे, आणि कागदावर अठ्ठावन्न.

त्यांनी कलप सोडला, ताईला म्हणाले, डोकं खाजतं. महिन्या-दोन महिन्यांत डोकं कापसासारखं झालं. मग टोपी हातात घेऊन संस्थेच्या मॅडमकडे गेले. मला बरोबर नेलं होतं, बोलायला.

“केस बघा की मॅडम,” म्हणाले.

“काका, केसांवरून वय ठरत नाही हो.”

“काळे होते तेव्हा ठरलं होतं!”

त्या हसल्या, पण वाईट वाटून हसल्या. बाईला शिव्या द्याव्यात असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. तिनं संस्थेच्या समितीशी भांडून एक वाट काढली. समितीचा माणूस आणि ती अशी दोघं येऊन आजूबाजूला चौकशी करतील, बायकोला विचारतील. बायकोनं खरं वय सांगितलं तर तेवढ्यावर समिती मान्य करेल. ताईला वेगळं विचारायचं होतं, भावोजी नसताना. तोपर्यंत कंपनीनं त्यांना कामावरून मोकळं केलं होतं आणि केबिन पाडायची ठरली होती. चाकाच्या खुर्च्या वर न्यायला जो उतार बांधायचा, तो नेमका तिथूनच जाणार होता.

आता अडचण काय झाली, की यातलं ताईला काहीच ठाऊक नव्हतं. तिला रक्तदाबाचा त्रास. भावोजींनी तिला सांगून ठेवलं होतं, आपल्या दोघांची खोली पक्की, काळजी करू नको. नोकरी गेलेलीही सांगितली नव्हती. रोज शिट्टी गळ्यात घालून बसत होते. मी त्यांना बजावलं, “भावोजी, तिला आजच्या आज सांगा. लोक विचारायला येणार आहेत.”

“सांगतो, सांगतो.”

“सांगतो नव्हे. सांगा!”

“अगं, पक्की म्हणालो आणि आता नाही म्हणू? तिची झोप उडेल. दोन दिवसांनी सांगतो.”

दोन दिवस कुठले! दुसऱ्याच दिवशी ती दोघं आली. भावोजी ताईच्या गोळ्या आणायला गेलेले. मी केबिनपाशी पोचले तेव्हा मॅडम बाहेर पडत होत्या. माझ्याकडे बघून मान हलवत निघाल्या. समितीचा माणूस पेनाला टोपण लावत मागून गेला.

ताई आत खुर्चीवर ताठ बसली होती. चेहरा लाल आणि डोळ्यांत असा काही विजय, की मला आधी बरंच वाटलं.

“आले होते,” म्हणाली. “ह्यांचं वय विचारायला. पण मी काही डगमगले नाही.”

“काय सांगितलंस?”

“काय सांगणार? अठ्ठावन्न! ती बाई कसली वस्ताद आहे गं. आजी, नीट आठवून सांगा, जास्त असेल ना? सत्तरच्या पुढं असेल ना? असं गोड गोड बोलून काढून घ्यायला बघत होती. तीनदा विचारलं. मी तीनदा अठ्ठावन्न सांगितलं. मग तो माणूस म्हणतो, म्हणजे तुम्ही नवऱ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या?”

“मग?”

“मग म्हटलं, हो, आहे मोठी. लव्हमॅरेज आहे आमचं!”

आणि ती खुदकन हसली. अंतरपाट दूर होईपर्यंत जिनं नवऱ्याचं तोंड पाहिलं नव्हतं, ती माझी बहीण. मी तिच्या समोर फरशीवर बसले. मग तोंडून निघालं ते वाईटच निघालं. मी ओरडले तिच्यावर. वेडी आहेस का, अक्कल आहे का, ते द्यायला आले होते गं, घ्यायला नव्हे, एक ‘बहात्तर’ म्हणाली असतीस तर काम झालं असतं! सगळं सांगून टाकलं, नोकरीचंसुद्धा.

तिचं हसू एकदम गेलं नाही. तोंडावर तसंच राहिलं थोडा वेळ.

“मला वाटलं, पकडलं ह्यांना,” ती म्हणाली. “नोकरी जाईल ह्यांची.”

एवढ्यात भावोजी गोळ्या घेऊन आले. आम्हां दोघींकडे बघूनच त्यांना कळलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस चिडेल. त्यांनी गोळ्यांची पिशवी खिळ्याला अडकवली आणि ताईच्या डोक्यावर हात ठेवला.

“बरोबर बोललीस तू,” म्हणाले. “मीच शिकवलेलं.”

मी धावत मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, “समितीच्या माणसानं लिहून नेलं हो. आता त्यांनी शब्द बदलला तर पढवून आणल्यासारखं दिसेल.” पढवलेलं तर होतंच, पण उलट. हे त्यांना सांगून काय उपयोग होता? एकट्या ताईला खोली मिळत होती, आणि ती घेतली नाही तर तीही जात होती. माझ्याकडे मोरीपुढच्या बोळात एका माणसाचं अंथरूण पडतं, दोघांचं पडत नाही. ताई नको नको म्हणत होती. भावोजींनी तिला समजावलं, एकाच्या तरी डोक्यावर पक्कं छप्पर राहू दे.

ती आत गेली, ते माझ्याकडे आले. केबिन पडली.

भेटायला जायची वेळ दुपारची असते. भावोजी जेवून लगेच निघतात, कधीकधी मीही जाते. खोली खरंच चांगली आहे हो. ऊन येतं, दार आतून लागतं, गरम पाणी चोवीस तास. ताईनं तो नळ अजून उघडलेला नाही. गार पाण्यानंच अंघोळ करते, विचारलं तर म्हणते, “ह्यांना कुठं आहे गरम?” पलंग एका माणसाचा. भावोजी खुर्चीवर बसतात, ती पलंगाच्या कडेला, आणि तुमचं जेवण झालं का, माझं झालं, गोळी घेतली का, घेतली, असं चालतं.

पण ताईनं आता एक नवीनच सुरू केलंय. परवा मी डोळ्यांनी पाहिलं. निघायची वेळ झाली म्हणून आम्ही उठलो, तर ती आमच्या मागोमाग पॅसेजमध्ये आली. समोरून फरशी पुसणारी बाई येत होती. ताईनं तिचा हात धरला आणि म्हणाली, “हे माझे मालक. बहात्तर वर्षांचे आहेत.” बाई “बरं आजी” म्हणून गेली. मग शेजारच्या खोलीतल्या म्हातारबांना थांबवलं. “बहात्तर पूर्ण आहेत हो ह्यांना.” त्यांना ऐकू येत नाही, तर त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं सांगितलं. लिफ्टवाल्याला सांगितलं. नळ दुरुस्त करायला आलेल्या अनोळखी माणसाला सांगितलं. लिफ्टवाला मला हळूच म्हणाला, “रोज सांगतात. भेटेल त्याला सांगतात.”

लिफ्ट आली. ताई दाराशी उभी राहून अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशी ओरडली, “बहात्तर! बहात्तर वर्षांचे आहेत!”

भावोजींनी घाईघाईनं इकडं तिकडं पाहिलं, ओठावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “हळू बोल गं. कुणी ऐकेल.”