फोनमध्ये तीनदा घेतलेलं नाव

पेढीवर फोन बसला तो माझ्यासाठी नव्हता, हे मला पहिल्याच दिवशी बजावण्यात आलं. शुक्रवार पेठेत आमची पुढं पेढी, मधे बारा माग आणि मागं घर. गिरणीच्या सूतगुदामात नवा माल आला की जो आधी मागणी सांगेल त्याला मिळायचा, म्हणून नवऱ्यानं फोन घेतला. "बाईमाणसाचा आवाज तारंवरनं गावभर जायाचा न्हाय," मामंजी म्हणाले. सासऱ्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

फोन बसवायला आलेल्या माणसानं तासभर समजावून सांगितलं. पुरुष माना डोलवत होते, मी दाराआड तांदूळ निवडत होते. आधी पेटीचा दांडा फिरवायचा, की तिकडं एक्सचेंजमध्ये खूण पडते. मग उचलून नंबर सांगायचा. बोलणं झालं की खाली ठेवून दांडा पुन्हा एकदा फिरवायचा, नाहीतर तिकडच्याला वाटतं, ह्यांचं अजून चाललंच आहे. बोलायच्या तोंडाला भोकं आहेत, त्यांत पाणी जाऊ द्यायचं नाही. आत पातळ पत्रा आणि कोळशाची भुकटी असते, ती हलली तरच आवाज पुढं जातो.

तांदूळ निवडून झाले तेव्हा मला सगळं पाठ होतं. पुरुषांना मात्र महिनाभर शेवटचा दांडा आठवला नाही. मी आतून ओरडायची, "दांडा!" नवरा फिरवायचा आणि म्हणायचा, माझ्या लक्षात होतंच. होतं कसलं डोंबल!

खंडेनवमीला मामंजींनी माग, धोटे, तराजू पुजले आणि त्याच ओळीत फोनही मांडला. ओल्या कुंकवाचं बोट थेट भोकांवर जाताना बघून मी पुढं झाले. "मामंजी, तिथं ओलं नको."

"मला पूजा शिकवतीस व्हय?" म्हणाले, आणि वरून हळद, अक्षता, सगळं यथासांग झालं.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी नवरा मंद्रूपच्या बाजाराला गेला. दिवाळीची लुगडी मागावर होती आणि काठाचं तांबडं सूत दुपारपर्यंतच पुरणार होतं. सूत आलं नाही तर बाराही माग बंद, आणि बारा विणकरांच्या घरी दिवाळीला चूलही पेटणार नाही. "धा वाजता गुदामाला फोन लावा," असं नवरा मामंजींना दहादा सांगून गेला होता. मामंजी मारुतीच्या पारावर जाऊन बसले. दहा वाजून गेले तरी पत्ता नाही.

मी हात पुसले आणि पेढीवर आले. दांडा फिरवला, नंबर मागितला. गुदामातला कारकून बोलू लागला. ऐकायच्या तोंडाला कुंकू लागलं नव्हतं, त्यामुळे त्याचं मला स्वच्छ ऐकू येत होतं. माझं त्याला अर्धंमुर्धं.

"तांबड्याचे दोनच गठ्ठे राहिलेत, बाई. चिठ्ठी कुणाच्या नावानं फाडू? मालकांचं नाव सांगा."

मी आमच्या फोनचा नंबर सांगितला. तो म्हणाला, नंबरावर माल निघत नाही, लवकर सांगा, दुसरं गिऱ्हाईक दारात उभं हाय.

नवऱ्याचं नाव मी तोवर लग्नकार्यातच घेतलं होतं, तेही उखाण्यात गुंडाळून, चारचौघींत लाजून. नुसतं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. हाक मारली असती तर मागावरचा कुणीही येऊन नाव सांगून गेला असता. मी मारली नाही. राग आला होता मला. दांडा मी फिरवायचा, सूत मी मिळवायचं आणि नाव तेवढं उसन्या तोंडानं सांगायचं?

मी नाव घेतलं.

"काय? ऐकू येईना की."

पुन्हा घेतलं, मोठ्यानं. मागांची खडखड एकेक करून थांबली.

"बाई, जोरात!"

तिसऱ्यांदा असं घेतलं की पारापर्यंत गेलं असेल. उखाणा नाही, लाजणं नाही, नाव आणि आडनाव. गठ्ठे आमचे झाले. मी फोन खाली ठेवला, दांडा फिरवला आणि वळून पाहिलं तर दारात मामंजी.

"न्हवऱ्याचं नाव घेतलंस? तीनदा?"

"कुंकू तुम्ही भरलंत, मामंजी. नाहीतर एकदाच, हळू घेतलं असतं."

मागावर कुणीतरी खोकल्यात हसू दडवलं. सूत तासाभरात आलं. मामंजींनी माझ्याशी बोलणं टाकलं आणि मी फोनला शिवायचं नाही असं फर्मान काढलं. मी त्याच संध्याकाळी सुई आणि कोरडं फडकं घेतलं आणि भोकातलं कुंकू, अक्षता सगळं कोरून काढलं.

चार दिवसांनी भर दुपारी फोन वाजू लागला. नवरा बाहेर होता. मी भाकरी थापत राहिले. वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजला. मामंजी दोनदा फोनपाशी जाऊन परत आले, ते मला चुलीपासून दिसत होतं. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यांनी दाराकडं न बघता म्हटलं, "सूनबाई, घे की."

मी भाकरी उतरवली, सावकाश हात धुतले, मगच गेले.

"कोण बोलतंय?" पलीकडून विचारलं.

मामंजी शेजारीच उभे होते. मी माझं नाव सांगितलं. लग्नात तांदळात लिहून मला दिलेलं नव्हे. माझ्या बापानं ठेवलेलं, ज्यानं त्या घरात मला कुणी कधी हाक मारली नव्हती.

एकदाच सांगावं लागलं.