पातळ जिलबी

पोट लहान करण्याचं ऑपरेशन झाल्यावर मला सगळ्यात आधी किळस आली ती प्रोटीनच्या पावडरीची. ओल्या खडूचा वास आणि त्यात व्हॅनिलाचा खोटा गोडवा. नाक दाबून घोट घ्यायचा, आणि तो वर येऊ लागला की पुन्हा गिळायचा. वजन किती उतरलं हे सगळे विचारतात. ढेकराला कसला वास येतो हे कुणी विचारत नाही.

आराम करायला म्हणून मी हिंदी मुलखात, राजेंद्र नगरला आईकडे आले होते. आईचं प्रेम ताटातूनच येतं. तिच्या घरी वरणावरही शेव पडते, आणि पाहुणा 'नको' म्हणाला तर त्याचा अर्थ 'वाढा' असाच घेतला जातो. 'सध्या फक्त पातळ पदार्थ, आणि साखर अजिबात नाही,' असं डॉक्टरांनी तिच्यासमोर बजावलं होतं. त्यातलं 'पातळ' तेवढं तिने उचललं.

एका सकाळी स्वयंपाकघरात मिक्सर बराच वेळ घरघरला. मग ती ग्लासात केशरी, दाटसर काहीतरी घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. कोपऱ्यावरच्या दुकानातली जिलबी तिने गरम दुधात वाटली होती.

"देख, किती कमजोर झाली आहेस. पी ले बेटा, लिक्विडच तर आहे ना!"

तिच्या चेहऱ्याकडे पाहून मी थोडं प्यायले. जरा वेळाने छाती धडधडू लागली, दरदरून घाम फुटला, आणि मी बेसिनवर ओणवी झाले. केशरी, तुपकट, आंबूस ओकारी, नाकातूनही आली. मला त्या ग्लासची शिसारी आली, त्या प्रेमाची आली, आणि माझ्या भिडस्तपणाची तर सगळ्यात जास्त. याच भिडेने मला इतकी वर्षं फुगवलं होतं.

तोंड धुऊन मी म्हटलं, "आई, मला नको. आज नको, उद्या नको, कधीच नको. फेकून दे ते."

तिचं तोंड एवढंसं झालं. "जिलबी कुणी फेकतं थोडी? काहीही बोलते," असं म्हणत तिने उरलेला ग्लास स्वतःच्या तोंडाला लावला.

आईला कित्येक वर्षांपासून शुगर आहे. रोज इन्शुलिन घेते. मी ओरडत धावले, तोवर ती पदराने ओठ पुसत होती.